बाहा आणि डकार: एकाच खेळाची दोन रूपे, की दोन वेगळे खेळ?

वाळूघड्याळ (प्रश्न)

मंडळी, नमस्कार.

गेले काही महिने मी वाळवंटातील लांब पल्ल्याच्या मोटार आणि मोटारसायकल शर्यतींविषयी मिळेल ते वाचत आहे आणि जितके वाचावे तितका गोंधळ वाढतो आहे. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात होणारी ‘बाहा १०००’ आणि पॅरिसहून सेनेगलच्या राजधानीपर्यंत जाणारी, पुढे दक्षिण अमेरिकेत गेलेली आणि आता सौदी अरेबियात भरणारी ‘डकार’ या दोन्हींचा उल्लेख बहुतेक लेखांत एका दमात केलेला असतो. परंतु पहिली शर्यत एकदा सुटली की दिवस असो वा रात्र, अंतिम रेषेपर्यंत थांबत नाही. दुसरी दोन आठवडे चालते आणि रोज संध्याकाळी मुक्कामाला टेकते. पहिलीत स्पर्धक आधी जाऊन मार्ग पाहून येतात, तर दुसरीत तसे करण्यास सक्त मनाई आहे.

माझे प्रश्न दोन आहेत. हा फरक नियम करणाऱ्यांच्या लहरीतून आला, की त्यामागे इतिहासाचे आणि भूगोलाचे काही कारण आहे? आणि वाळूवर वेगाने वाहन चालवणे हेच दोन्हींचे मूळ कौशल्य असेल, तर एका शर्यतीत मुरलेला माणूस दुसरीत सहज जिंकतो का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

---

कोरडी_नदी

प्रश्न चांगला आहे. बाहाविषयी मी बऱ्यापैकी वाचले आहे, त्यामुळे तेवढ्याच भागाचे उत्तर देतो.

बाहाचा जन्म शर्यतीतून झाला नाही, तर एका जाहिरातीतून झाला. १९६२ मध्ये होंडा कंपनीला आपली २५० सीसीची नवी मोटारसायकल अमेरिकेत विकायची होती आणि ती दणकट आहे हे लोकांना पटवायचे होते. त्यासाठी डेव्ह एकिन्स आणि बिल रॉबर्टसन (धाकटा) हे दोघे तिहुआनाहून ला पाझपर्यंत, म्हणजे द्वीपकल्पाच्या उत्तर टोकापासून जवळजवळ दक्षिण टोकापर्यंत, पंधराशे किलोमीटरच्या आसपासचे अंतर तोडत गेले. या प्रवासाला साक्षीदार कोण असणार, हा प्रश्न होता. त्यांनी तिहुआनाच्या तारघरातून निघताना तार केली आणि ला पाझला पोहोचल्यावर तिथल्या तारघरात वेळेची नोंद करून घेतली. एकिन्सला ३९ तास ५६ मिनिटे लागली. पंच नाही, प्रेक्षक नाहीत, केवळ दोन कागदांवरच्या दोन वेळा. या खेळाचा पहिला निकाल इतकाच आहे.

ती वेळ मोडण्याची स्पर्धा मग आपोआप सुरू झाली. १९६७ च्या एप्रिलमध्ये ब्रूस मायर्स आणि टेड मँगल्स यांनी फोक्सवॅगनच्या सांगाड्यावर फायबरग्लासचे अंग चढवलेल्या ‘मायर्स मँक्स’ या बग्गीतून ३४ तास ४५ मिनिटांत तेच अंतर उलट दिशेने कापले. चार चाकांनी दोन चाकांना मागे टाकले, म्हणून या वेळेचा बराच गाजावाजा झाला. त्याच वर्षी एड पर्लमन आणि डॉन फ्रान्सिस्को यांनी नोरा ही संस्था काढून ३१ ऑक्टोबरला ‘मेक्सिकन १०००’ नावाची पहिली रीतसर शर्यत भरवली. तिच्यात ६८ वाहने उतरली आणि व्हिक विल्सन व टेड मँगल्स यांची मँक्स २७ तास ३८ मिनिटांत पहिली आली. (नावातले १००० हे मैल आहेत आणि ते नेमके हजार क्वचितच भरतात. पहिल्याच शर्यतीचा मार्ग साडेतेराशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे साडेआठशे मैलांच्या घरात होता.)

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे वळतो. बाहा न थांबता का धावते? कारण तिचा मूळ प्रश्नच ‘इथून तिथे जायला किती तास लागतात’ असा होता. तार करताना सुरू झालेले घड्याळ मुक्कामासाठी थांबत नसते. आणि मार्ग आधी पाहण्याची मुभा का? कारण सुरुवातीला तिथे जाण्यासारखी वाट मुळात एकच होती. द्वीपकल्पाची उत्तर-दक्षिण बाजू जोडणारा पक्का महामार्ग १९७३ च्या अखेरीस पूर्ण झाला. तोपर्यंत उत्तरेकडील एन्सेनादा शहराच्या दक्षिणेला थोडे अंतर गेले की डांबर संपून धूळ सुरू होई. जो रस्ता गुराखी, मालवाहू ट्रक आणि कोळी रोज वापरतात, तो स्पर्धकाने आधी पाहू नये असे सांगणार तरी कसे?

पुढचा इतिहास खडबडीत आहे. १९७३ मध्ये नोराची परवानगी गेली आणि शर्यत स्थानिक समितीने घेतली; १९७४ मध्ये इंधनटंचाईमुळे ती झालीच नाही; १९७५ पासून मिकी थॉम्पसन यांनी स्थापलेल्या स्कोअर या संस्थेकडे ती आली आणि सॅल फिश यांनी ती अनेक वर्षे चालवली. महामार्ग झाल्यावर शर्यत अर्थातच रस्त्यावरून उतरून रानवाटांत शिरली. बहुतेक वर्षी ती एन्सेनादाहून निघून एन्सेनादालाच परतते आणि अधूनमधून जुन्या प्रथेप्रमाणे ला पाझपर्यंत जाते. महामार्गाचा एक गमतीदार परिणाम असा झाला की, मदतनीसांच्या गाड्या डांबरावरून समांतर धावू लागल्या आणि शर्यतीच्या जोडीने एक दुसरी, अघोषित धावपळ सुरू झाली.

डकारविषयी इथले दुसरे सदस्य अधिक अधिकाराने लिहितील.

---

होकायंत्र

कोरडी_नदी यांनी बाहाचे मूळ तारघरात आहे हे दाखवून दिले, ते मला फार आवडले. त्याच पद्धतीने सांगायचे तर डकारचे मूळ वाट चुकण्यात आहे.

१९७७ च्या आरंभी आबिजान ते नीस या रॅलीत तिएरी साबीन नावाचा फ्रेंच मोटारसायकलस्वार सहारात भरकटला. पाणी संपलेल्या अवस्थेत तो सापडला, वाचला आणि घरी परतल्यावर त्याने ठरवले की हे वाळवंट इतरांनाही दाखवायचे. २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसच्या त्रोकादेरो चौकातून १८२ वाहने डकारकडे निघाली. सुमारे दहा हजार किलोमीटरनंतर त्यांपैकी ७४ पोहोचली. त्या वर्षी मोटारी, ट्रक आणि मोटारसायकली यांचा निकाल एकत्रच लावला होता, आणि सिरिल नव्हू हा यामाहा एक्सटी ५०० वरचा तरुण सर्वांत पहिला आला. इतकेच नव्हे, तर पहिले तिन्ही क्रमांक दुचाकींनी घेतले. जे निघतात त्यांच्यासाठी आव्हान आणि जे मागे राहतात त्यांच्यासाठी स्वप्न, अशा आशयाचे साबीनचे घोषवाक्य आजही या शर्यतीला चिकटून आहे.

परंतु साबीनच्याही मागे एक फ्रेंच परंपरा आहे. १९२२ च्या डिसेंबरमध्ये सित्रोएन कंपनीच्या, मागे चाकांऐवजी पट्टे बसवलेल्या गाड्या अल्जीरियातील तुगुर्तहून निघाल्या आणि जानेवारी १९२३ मध्ये तिंबक्तूला पोहोचल्या. मोटारीने सहारा ओलांडण्याची ती पहिली वेळ होती. म्हणजे तिथे वाळवंटाकडे ‘किती तासांत’ या नजरेने नव्हे, तर ‘पलीकडे जाता येते का’ या नजरेने पाहिले जात होते. ही नजर वसाहतकालीन होती, हेही इथेच नोंदवून ठेवतो. त्याविषयी कोणी वेगळे लिहिले तर बरे होईल.

आता मुख्य मुद्दा. माझ्या मते या दोन शर्यतींतील खरा भेद थांबण्या-न थांबण्याचा नाही. बाहात वाट ठाऊक असते आणि ती लक्षात ठेवायची असते. डकारमध्ये वाट ठाऊक नसते आणि ती वाचायची असते. बाकीचे सर्व फरक यातूनच निघतात.

वाचायची म्हणजे काय, ते थोडे सविस्तर सांगतो. स्पर्धकाला ‘रोडबुक’ मिळते. त्यात प्रत्येक खुणेसाठी एक ओळ असते: सुरुवातीपासूनचे अंतर, त्या ठिकाणाचे छोटेसे रेखाचित्र आणि सूचना. वाट फुटत असेल तर कोणत्या बाजूने जायचे, कोरड्या नदीचे पात्र कुठे ओलांडायचे, आणि वाट मुळी नसेलच तर होकायंत्राच्या किती अंशांवर तोंड ठेवून पुढे जायचे, हे त्यात असते. धोक्याची तीव्रता एक, दोन किंवा तीन उद्गारचिन्हांनी दाखवतात. तीन चिन्हे असतील तिथे शहाणा माणूस वेग उतरवतो. पूर्वी हे रोडबुक कागदी गुंडाळीच्या रूपात असे. मोटारसायकलस्वार आदल्या संध्याकाळी जेवण बाजूला सारून रंगीत पेनांनी त्यावर खुणा करत बसत, आणि दुसऱ्या दिवशी हॅंडलवरच्या पेटीत ती गुंडाळी बोटाने पुढे सरकवत गाडी हाकत. अलीकडे ते पडद्यावर आले आहे आणि ऐनवेळी मिळते, त्यामुळे रात्री अभ्यास करून मार्ग पाठ करण्याची सोय उरलेली नाही.

उपग्रहाधारित यंत्र गाडीत असते. १९९२ पासून या शर्यतीत त्याचा वापर सुरू झाला. मात्र ते आपल्या मोबाइलसारखे ‘उजवीकडे वळा’ असे सांगत नाही. ठरावीक नियंत्रणबिंदूंवरून गेल्याची नोंद ते ठेवते, आणि अनेक बिंदू असे असतात की तुम्ही त्यांच्या बऱ्याच जवळ पोहोचल्याखेरीज ते दिसतच नाहीत. बिंदू चुकला तर वेळेचा दंड बसतो. त्यामुळे टेकडीच्या चुकीच्या बाजूने शंभर किलोमीटर वेगाने जाणाऱ्यापेक्षा बरोबर बाजूने साठच्या वेगाने जाणारा संध्याकाळी पुढे असतो.

यातून एक विचित्र न्याय जन्माला येतो. जो आज टप्पा जिंकतो तो उद्या सर्वांत आधी सुटतो, आणि सर्वांत आधी सुटणाऱ्याला वाळूवर एकही चाकोरी दिसत नाही. मागून येणाऱ्याला मात्र त्याच्या चाकांचा माग आयता मिळतो. म्हणून मोटारसायकल गटात वर्षानुवर्षे आज जिंकायचे आणि उद्या वेळ गमवायचा, असा लंबक चालत आला. काही जण मुद्दाम थोडे मागे राहत, आणि हे थांबवण्यासाठी अलीकडे वाट उघडणाऱ्या स्वारांना वेळेची सूट देण्यास सुरुवात झाली. पुढे असण्याची शिक्षा होते, असा दुसरा वेगाचा खेळ माझ्या तरी पाहण्यात नाही.

मुक्कामाचेही कारण यातच आहे. अनोळखी प्रदेशात दोन आठवडे वाट शोधायची तर रात्री झोप आणि दुरुस्ती लागणारच. परंतु तो मुक्कामही दरवेळी आरामाचा नसतो. ‘मॅरेथॉन’ टप्प्यात मेकॅनिकांना येऊ देत नाहीत आणि स्पर्धकाने स्वतःच्या हातांनी गाडी उभी करायची असते. एक गट तर असा आहे की ज्यातील मोटारसायकलस्वाराला संपूर्ण शर्यतीत मदतनीसच नसतो. एका पेटीत मावतील तेवढी हत्यारे आणि सुटे भाग, बस्स. दिवसभर गाडी चालवून रात्री तेल बदलणारे हे लोक मला विजेत्यांपेक्षा अधिक थोर वाटतात.

---

तिसरा_गिअर

होकायंत्र यांच्या वाचायची आणि लक्षात ठेवायची या विभागणीशी मी अर्धाच सहमत आहे. बाहाचा मार्ग आधी पाहिला म्हणून तो ठाऊक होतो, असे नाही. पंधरा दिवसांपूर्वी पाहिलेल्या वाटेवरून दरम्यान शेकडो वाहने सराव करून गेलेली असतात. जिथे कठीण जमीन होती तिथे पिठासारख्या धुळीचे तळे झालेले असते. आत शिरले की समोरची काच पांढरी होते आणि पुढे एखादी गाडी रुतून उभी आहे की नाही, ते धडकेपर्यंत कळत नाही. त्यातच काही ठिकाणी प्रेक्षक गाड्या उडताना पाहण्याच्या हौसेने रातोरात चर खणतात किंवा मातीचे उंचवटे रचतात. आधी पाहिलेल्या वाटेवर नवा खड्डा असणे हे अनोळखी वाटेपेक्षा धोकादायक आहे, कारण तिथे तुम्ही विश्वासाने वेग ठेवलेला असतो.

यंत्रांतला फरकही पाहा. बाहाच्या सर्वांत वरच्या वर्गातील ‘ट्रॉफी ट्रक’ (हा वर्ग १९९४ मध्ये सुरू झाला) म्हणजे हातभर उसळणाऱ्या चाकांवर बसवलेले राक्षसी इंजिन. एकामागून एक येणाऱ्या उंचवट्यांच्या माथ्यांवरून तो तरंगत जातो. डकारच्या गाडीला मात्र रेती, खडक, मिठागर आणि रोजचा शेकडो किलोमीटरचा साधा रस्ता हे सगळेच पेलायचे असते. दुसऱ्या टोकाला, बाहात जुन्या फोक्सवॅगन बीटलचा जवळजवळ मूळ रूपातला वर्गही आहे आणि ती मंडळी वेळेच्या मर्यादेत पोहोचली तरी सण साजरा करतात.

डकारमध्ये मोटारसायकलींचे इंजिन २०११ पासून सर्वांसाठी ४५० सीसीपर्यंत मर्यादित आहे. त्याआधीची मोठी, जड यंत्रे सपाट मैदानात भयंकर वेग घेत आणि माणसे मरत.

---

होकायंत्र

तिसरा_गिअर यांचा आक्षेप मान्य आहे, आणि माझे वाक्य थोडे सुधारतो: बाहात वाट ठाऊक असते, तिची आजची अवस्था ठाऊक नसते. डकारमध्ये दोन्ही ठाऊक नसतात.

वाळू वाचण्याविषयी एक राहून गेले. वाळवंटात चार-पाच वेळा गाडी चालवण्याचा योग मला आला आहे, शर्यतीत नव्हे, सावकाश. दुपारी सूर्य डोक्यावर असताना टेकडीची सावली नाहीशी होते, सगळे एकाच रंगाचे सपाट दिसते आणि समोर चढ आहे की उतार, हेच डोळ्यांना कळत नाही. सकाळी जी वाळू भार सोसते तीच दुपारी मऊ पडते. टायरमधील हवा कमी केली की चाकाचा जमिनीला टेकणारा भाग लांबतो आणि गाडी वाळूवर पसरून चालते. पण हवा फार काढली तर टायर रिंगवरून निसटतो. वाऱ्याच्या बाजूचा उतार सौम्य, आणि पलीकडचा तीसहून अधिक अंशांनी कोसळणारा. माथ्यावर थांबलात तर रुतता, आणि न थांबता गेलात तर पलीकडे काय आहे ते हवेत असताना दिसते. माझ्या सावकाश वेगातही छाती धडधडली होती. ही मंडळी तेच दिवसातून शंभरदा करतात.

---

वाळूघड्याळ

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. माझा बराच गोंधळ दूर झाला. होकायंत्र यांनी वसाहतकालीन नजरेचा उल्लेख ओझरता केला आहे. त्याविषयी कोणी लिहील का? ज्यांच्या गावांवरून या शर्यती जातात, त्या लोकांच्या वाट्याला काय येते?

---

पाणपोई

या विषयावर मी कठोर लिहिणार आहे, तेव्हा शर्यतीच्या चाहत्यांनी राग मानू नये.

डकारच्या आजवरच्या आवृत्त्यांत सत्तरहून अधिक माणसे मेली आहेत आणि त्यांतील सर्व स्पर्धक नव्हते. १९८८ मध्ये तीन स्पर्धकांबरोबर तीन स्थानिक माणसे मेली. स्पर्धकाने धोका स्वतःहून पत्करलेला असतो. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या मुलीने तो पत्करलेला नसतो. खुद्द साबीन १४ जानेवारी १९८६ रोजी मालीमध्ये हेलिकॉप्टर कोसळून गेला आणि त्याच्याबरोबर गायक दानिएल बालावान याच्यासह आणखी चौघे गेले. बालावान त्या वेळी आफ्रिकेतील गावांसाठी पाण्याचे पंप पोहोचवण्याच्या कामासाठी तिथे होता, हे अनेकांना ठाऊक नसते. एकाच तांड्यात पंप आणि शर्यतीच्या गाड्या असाव्यात, यात त्या काळाचे सगळे विसंगत चित्र आले.

बातम्यांमध्ये कोणाला किती जागा मिळाली, तेही पाहण्यासारखे आहे. १९८२ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांचा मुलगा मार्क थॅचर अल्जीरियात सहा दिवस हरवला, तेव्हा जगभर ती बातमी पसरली आणि अल्जीरियाच्या विमानांनी त्याला शोधून काढले. त्याच वाळवंटात रोज चालणाऱ्या माणसांविषयी त्या बातम्यांत अवाक्षर नव्हते.

आणि एक तथ्य मला सर्वांत बोलके वाटते. ही शर्यत १९७९ पासून २००७ पर्यंत आफ्रिकेत झाली, आणि त्या सर्व वर्षांत मोटार किंवा मोटारसायकल गटात एकही आफ्रिकी देशाचा विजेता झाला नाही. पहिला आफ्रिकी विजेता, दक्षिण आफ्रिकेचा जिनियल डी व्हिलियर्स, २००९ मध्ये झाला. म्हणजे शर्यत आफ्रिका सोडून अर्जेंटिना आणि चिलीला गेली त्या पहिल्याच वर्षी.

ती आफ्रिका का सोडून गेली, हेही लिहायला हवे. डिसेंबर २००७ मध्ये मॉरिटानियात चार फ्रेंच पर्यटकांची हत्या झाली, शर्यतीलाही धमक्या आल्या आणि ४ जानेवारी २००८ रोजी, लिस्बनमध्ये सगळे सज्ज असताना, सुटण्याच्या आदल्या दिवशी ती रद्द करण्यात आली. नाव मात्र डकारच राहिले. पुढे दक्षिण अमेरिकेत चिलीमध्ये पुरातत्त्वीय स्थळांच्या हानीवरून वाद झाले, हळूहळू एकेक देश बाहेर पडला, २०१९ मध्ये एकटा पेरू उरला आणि २०२० पासून ती सौदी अरेबियात आहे. जिथे माणसे कमी आणि पैसा जास्त, तिथे हा तांडा अखेर स्थिरावला, असे मला वाटते.

---

कोरडी_नदी

पाणपोई यांचे म्हणणे डकारपुरते मला बहुतांशी पटते. बाहात मात्र चित्र थोडे वेगळे आहे, आणि तेही कारणासह सांगायला हवे.

बाहा जागा बदलत नाही. तीच गावे, तीच माणसे, दरवर्षी. ज्या मुलाने वडिलांच्या खांद्यावर बसून शर्यत पाहिली, तो पुढे मदतनीस होतो, मग एखाद्या जुन्या गाडीचा चालक होतो. एन्सेनादात शर्यतीच्या आधी वाहनांची तपासणी होते तेव्हा सगळे शहर रस्त्यावर येते. गाड्या माणसांच्या गर्दीतून ढकलत नेतात आणि मुले चालकांकडे स्टिकर मागत फिरतात. २०१० मध्ये विल्दोसोला पितापुत्रांनी शर्यत जिंकली तेव्हा मेक्सिकोच्या चालकांना तो मान पहिल्यांदाच मिळाला. त्यासाठी चार दशके लागली, हे खरे. पण ते घडले, कारण शर्यत तिथेच थांबून राहिली होती. सौदीमध्येही २०२५ साली यझीद अल-राजही याने घरच्या वाळूत मोटार गट जिंकला, तो शर्यत तिथे आल्यावर सहाव्या वर्षी. त्यामागे भरपूर पैसा आहे हे मान्य करूनही, शर्यत राहती असणे आणि पाहुणी असणे यांत फरक पडतो, असे मला वाटते.

ऑस्ट्रेलियातील फिंक शर्यत तर यापुढची आहे. १९७६ मध्ये काही मोटारसायकलस्वारांनी ॲलिस स्प्रिंग्जहून फिंक वस्तीपर्यंत जाऊन परत येण्याची पैज लावली, आणि तीच पैज आजही दरवर्षी जून महिन्यात चालते. जुन्या रेल्वेमार्गाच्या कडेची वाट, जाताना सव्वादोनशे किलोमीटरहून थोडे अधिक, रात्री मुक्काम, दुसऱ्या दिवशी तितकेच परत. मार्ग कधी बदलत नाही. चालकांना तिथला प्रत्येक उंचवटा पाठ असतो, आणि तरीही दरवर्षी लोक पडतातच.

---

होकायंत्र

पाणपोई यांनी लिहिले ते योग्यच लिहिले. मी यात एकच भर घालतो. वाट शोधण्याचे कौशल्य वेगापासून पूर्णपणे वेगळे काढता येते, याचा पुरावा मोरोक्कोतील ‘आयशा दे गझेल’ या रॅलीत आहे. १९९० पासून चालणाऱ्या या रॅलीत फक्त महिला भाग घेतात; उपग्रह यंत्र नाही, मोबाइल नाही, फक्त जुना नकाशा आणि होकायंत्र. क्रमांक वेळेवर ठरत नाहीत. सर्व नियंत्रणबिंदू गाठताना जिची गाडी सर्वांत कमी किलोमीटर चालली ती जोडी पहिली. डोंगराला वळसा घालायचा की त्यावरून जायचे, हा निर्णय तिथे गुणांत मोजला जातो.

आणि वेगाच्या शर्यतीतही महिलांनी जिंकले आहे: युटा क्लाइनश्मिट, शिक्षणाने भौतिकशास्त्र-अभियंता आणि आधी मोटारसायकलस्वार, हिने २००१ मध्ये मित्सुबिशीतून डकारचा मोटार गट जिंकला. तो मान मिळवणारी ती आजवरची एकमेव स्त्री आहे.

---

तिसरा_गिअर

मूळ प्रश्नाचा दुसरा भाग अजून अनुत्तरित आहे: एकीतला माणूस दुसरीत जिंकतो का? माझे उत्तर आहे: जिंकतो, पण सहज नाही.

रॉबी गॉर्डनचे उदाहरण घ्या. बाहा १००० त्याने तीनदा जिंकली, पहिल्यांदा १९८७ मध्ये. डकारमध्ये टप्पे त्याने अनेक जिंकले, परंतु अंतिम निकालात त्याची सर्वोत्तम कामगिरी २००९ मधील तिसरा क्रमांक ही आहे. एका दिवसाच्या मर्यादेत तो कोणालाही हरवू शकत होता. चौदा दिवसांची बेरीज त्याच्या स्वभावात बसत नव्हती. दुसऱ्या बाजूला स्तेफान पीटरहँसेल पाहा: मोटारसायकलवर सहा आणि मोटारीतून आठ अशा चौदा वेळा तो डकार जिंकला, आणि त्याचे चालवणे पाहताना अनेकदा कंटाळा येतो. काहीच घडत नाही. तेच त्याचे कौशल्य.

या दोघांच्या मधला माणूस म्हणजे रिकी ब्रेबेक. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी शर्यतींत वाढलेला हा स्वार २०१६ मध्ये पहिल्यांदा डकारला गेला आणि नववा आला. २०१९ मध्ये तो सर्वांच्या पुढे असताना इंजिनाने दगा दिला. २०२० मध्ये, पाचव्या प्रयत्नात, मोजकेच टप्पे जिंकून तो एकंदर निकालात पहिला आला आणि केटीएमची सलग अठरा विजयांची मालिका तुटली. मोटारसायकल गटात जिंकणारा तो पहिला अमेरिकी. त्याच्याखालची गाडी होंडाची होती आणि त्या कंपनीला डकारमध्ये १९८९ नंतर प्रथमच विजय मिळत होता. म्हणजे १९६२ मध्ये जिने तिहुआनाच्या तारघरातून घड्याळ सुरू करून दिले, तीच ही कंपनी.

---

वाळूघड्याळ

हे शेवटचे मला मुळीच ठाऊक नव्हते. आता एकिन्सच्या त्या दोन तारांविषयी आणखी काही सापडते का, ते शोधतो आणि मिळाले तर इथेच लिहितो.